साबणवाल्यांची संगीतिका : अमेरिकन नभोवाणीवरील दैनंदिन कथामालांचा इतिहास

भाषेत कित्येक शब्द थट्टेतून जन्मास येतात. पुढे थट्टा विसरली जाते आणि शब्द तेवढा उरतो. 'सोप ऑपेरा' हा असाच एक शब्द आहे. 'सोप' म्हणजे साबण आणि 'ऑपेरा' म्हणजे युरोपातील संगीतिका. या दोहोंचा मेळ कसा बसला, हे कोडे शब्दकोश उघडून सुटत नाही. त्यासाठी इतिहासच उघडावा लागतो. आज आपल्या घराघरांत रोज संध्याकाळी दूरचित्रवाणीवर ज्या कौटुंबिक मालिका चालतात, त्यांचे कूळ शोधू गेल्यास ते सुमारे पंचाण्णव वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत, शिकागो शहरातील नभोवाणी केंद्रांत सापडते. त्या मालिकांत राजाराणी नव्हती, युद्धाचे देखावे नव्हते, आणि नाव संगीतिका असूनही गाणे नव्हते. होते ते एक स्वयंपाकघर, एखादी विधवा आई किंवा एखादा पोक्त कारागीर, कधी न संपणाऱ्या अडचणी, आणि आरंभी व शेवटी न चुकता येणारे साबणाचे गुणगान.

या मालिकांचा विषय निघाला की सुशिक्षित मंडळी बहुधा नाक मुरडतात. 'बायकांचे रडगाणे' असे म्हणून निकाल दिला जातो. आमचे म्हणणे एवढेच की, निकाल देण्यापूर्वी खटला नीट ऐकून घ्यावा. कोणत्याही लोकप्रिय कलेचा अभ्यास करताना तीन प्रश्न विचारणे अवश्य असते : पैसा कोणाचा, लेखणी कोणाची आणि कान कोणाचे? याच तीन प्रश्नांच्या आधाराने हा इतिहास विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याचा आमचा विचार आहे.

पैसा कोणाचा?

२ नोव्हेंबर १९२० रोजी पिट्सबर्ग येथील 'केडीकेए' या केंद्राने अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल ध्वनिक्षेपित केले. नियमित नभोवाणीचा आरंभ सामान्यतः या घटनेपासून मानला जातो. प्रारंभी या नव्या साधनाचा खर्च कोणी सोसावा, याचे उत्तर कोणापाशीच नव्हते. इंग्लंडने एक मार्ग पत्करला : ज्याच्या घरी संच असेल त्याने वर्षाला परवाना शुल्क भरावे आणि त्या पैशांतून बीबीसीचा कारभार चालावा. अमेरिकेने दुसरा मार्ग धरला. ऑगस्ट १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या 'डब्ल्यूईएएफ' केंद्राने एका इमारत कंपनीकडून पैसे घेऊन तिच्या नव्या घरांची जाहिरात नभोवाणीवरून केली, आणि त्या देशातील नभोवाणीचे भवितव्य ठरून गेले. १९२६ साली 'एनबीसी' आणि १९२७ साली 'सीबीएस' या दोन मोठ्या संस्था उभ्या राहिल्या. शेकडो केंद्रे तारांनी जोडली गेली आणि एका ठिकाणी उच्चारलेला शब्द एकाच क्षणी देशभर ऐकू जाऊ लागला.

रात्रीच्या कार्यक्रमांस जाहिरातदार लवकर मिळाले. कारण त्या वेळी घरातील पुरुष घरी असत, आणि खरेदीचा निर्णय पुरुष घेतो अशी व्यापाऱ्यांची समजूत होती. दिवसाचे तास मात्र ओस पडले होते. दिवसा घरी असते ती गृहिणी. तिला स्वयंपाक, धुणे, मुले यांतून ऐकावयास सवड कोठून, असे समजले जाई. ही समजूत चुकीची ठरली. ऐकण्यास डोळे लागत नाहीत आणि हातही लागत नाहीत. ही नभोवाणीची खरी शक्ती होती. वर्तमानपत्र वाचावयाचे तर काम बाजूला ठेवावे लागते. नभोवाणी ऐकावयाची तर कामाला अडथळा येत नाही. कपडे इस्त्री करता करता, बटाटे सोलता सोलता कथा ऐकता येते. शिवाय घरात साबण, पीठ, दंतमंजन यांपैकी कोणते आणावयाचे हे ठरविणारी व्यक्ती तीच असते, हेही व्यापाऱ्यांच्या ध्यानी येऊ लागले.

त्यातच १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि महामंदी आली. गिरण्या थंडावल्या, लाखो लोक बेकार झाले. पण मंदीतही कपडे धुवावेच लागतात. साबणाचा खप टिकतो. प्रश्न असतो तो आपला साबण खपतो की शेजारच्या कंपनीचा, एवढाच. सिनसिनाटी येथील प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीची स्थापना १८३७ साली एक मेणबत्त्यांचा कारागीर आणि एक साबणाचा कारागीर यांच्या भागीदारीतून झाली होती. मंदीच्या काळात अनेक कंपन्यांनी जाहिरातीवरचा खर्च छाटला; या कंपनीने तसे केले नाही. तिच्या 'ऑक्सिडॉल' या कपडे धुण्याच्या चुऱ्याला प्रतिस्पर्धी होते, आणि गृहिणीच्या कानापर्यंत रोज पोहोचण्याचा मार्ग तिला हवा होता. दुसरीकडे माणसांकडे सिनेमाला जाण्यास पैसे नव्हते. पण एकदा घेतलेला नभोवाणी संच फुकट करमणूक देत होता. १९३० च्या शिरगणतीत अमेरिकेतील शेकडा सुमारे ४० कुटुंबांकडे असा संच होता. १९४० मध्ये हे प्रमाण शेकडा ८० च्या पुढे गेले. दारिद्र्याच्या त्याच दशकात नभोवाणी घरोघर पोहोचली, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

'क्लारा, लू अँड एम' ही तीन शेजारणींच्या गप्पांची मालिका १९३० साली शिकागोत सुरू झाली. कोलगेट-पामोलिव्ह कंपनीच्या 'सुपर सड्स' या साबणाच्या आश्रयाने ती देशभर गेली, आणि फेब्रुवारी १९३२ मध्ये ती रात्रीच्या वेळेतून काढून दिवसाच्या वेळेत आणण्यात आली. राष्ट्रीय जाळ्यावरील दिवसाची ही पहिली मालिका होय. ४ डिसेंबर १९३३ पासून ऑक्सिडॉलच्या आश्रयाने 'मा पर्किन्स' देशभर ऐकू येऊ लागली. मग काय, साबणवाल्यांची रांगच लागली. १९४० च्या सुमारास दिवसाच्या वेळी साठांहून अधिक मालिका चालू होत्या. सकाळी दहाच्या सुमारास सुरू झालेला हा ओघ सायंकाळपर्यंत पंधरा पंधरा मिनिटांच्या तुकड्यांनी अखंड वाहत असे.

आता नावाचे कोडे सुटते. चित्रपटव्यवसायातील लोक गुराख्यांच्या आणि बंदुकांच्या स्वस्त चित्रपटांस 'घोड्यांची संगीतिका' असे थट्टेने म्हणत. त्याच धर्तीवर १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस व्यवसायातील नियतकालिकांनी या मालिकांस 'साबणाची संगीतिका' म्हटले. उच्च कलेचे नाव क्षुद्र वस्तूला चिकटवून हसावयाचे, असा त्यातला डाव. हसणारे काळाच्या पडद्याआड गेले, नाव राहिले.

लेखणी कोणाची?

या कलेच्या जनकत्वाचा मान एका स्त्रीकडे जातो, आणि ती स्त्री आरंभी शाळामास्तरीण होती, हे सांगताना आम्हांस थोडा अभिमान वाटल्यास वाचकांनी क्षमा करावी. इर्ना फिलिप्स हिचा जन्म १९०१ साली शिकागो येथे, दहा भावंडांच्या कुटुंबात झाला. ओहायो राज्यातील डेटन शहरी ती अध्यापन करीत असे. नटी होण्याची हौस तिला नभोवाणी केंद्राकडे घेऊन गेली. केंद्राने तिच्या हाती लेखणी दिली. २० ऑक्टोबर १९३० रोजी शिकागोच्या 'डब्ल्यूजीएन' केंद्रावरून तिची 'पेंटेड ड्रीम्स' ही मालिका सुरू झाली. एक आयरिश-अमेरिकन विधवा आई, तिची मोठी होत चाललेली मुलगी, घरात राहणारी भाडेकरू मुलगी आणि त्यांची रोजची सुखदुःखे, एवढेच तिचे कथानक. रोज चालणारी, प्रपंचावर आधारलेली आणि स्त्रियांना उद्देशून लिहिलेली पहिली मालिका म्हणून पुष्कळ अभ्यासक हिचाच निर्देश करतात.

यानंतर जे घडले ते लेखनव्यवसायात पडू इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. इर्नाला आपली मालिका राष्ट्रीय जाळ्यावर न्यावयाची होती. केंद्राने म्हटले, मालिका आमची. तू पगारी नोकर. ती १९३२ मध्ये केंद्र सोडून गेली आणि मालकीचा वाद न्यायालयात गेला. तो वर्षानुवर्षे चालला आणि निकाल तिच्याविरुद्ध लागला. स्वतःच्या कल्पनेतून निर्माण झालेली माणसे कायद्याने दुसऱ्याची ठरली. पण ती खचली नाही. तिने 'टुडेज चिल्ड्रेन' नावाची नवी मालिका लिहिली, जिच्यातील आई पहिल्या मालिकेतील आईची सख्खी बहीण शोभावी. आणि या वेळी हक्क आपल्याच हाती राहतील याची दक्षता घेतली. या मालिकेतील आईचे पात्र तिने स्वतःच्या आईवरून रेखाटले होते. आई वारली तेव्हा, लोकप्रियतेच्या भरात असलेली ही मालिका तिने थांबविली. बाजारासाठी लिहिणाऱ्या लेखकाला मन नसते, असे ज्यांस वाटते त्यांनी ही गोष्ट आठवावी.

२५ जानेवारी १९३७ रोजी तिची 'द गायडिंग लाइट' ही मालिका सुरू झाली. जॉन रथलेज नावाचा एक धर्मोपदेशक आपल्या खिडकीत दिवा लावून ठेवतो. ज्याला आधार हवा त्याने तो पाहून आत यावे, अशी तिची कल्पना. वैयक्तिक दुःखाच्या काळात एका धर्मोपदेशकाच्या व्याख्यानांनी आपणास आधार दिला होता, त्यातून ही कल्पना सुचली असे तिने सांगितले आहे. १९५२ साली ही मालिका दूरचित्रवाणीवर गेली, १९५६ पर्यंत नभोवाणीवरही चालली, आणि अखेर १८ सप्टेंबर २००९ रोजी संपली. एकच कथा बहात्तर वर्षे चालली! आजी ज्या पात्रांची वाट पाहत असे त्यांच्या वंशजांची वाट नात पाहत होती. आपल्याकडील कीर्तन-पुराणांची परंपरा सोडली, तर इतका दीर्घ श्रोतृसंबंध असलेली कथा शोधूनही सापडणे कठीण.

इर्ना आपले संवाद बोलून लेखनिकेकडून लिहवून घेई. एकाच वेळी चार-पाच मालिका तिच्या डोक्यात चालत आणि प्रत्येक पात्राचा आवाज ती स्वतः काढून दाखवी. डॉक्टर, परिचारिका, वकील यांना कथेच्या मध्यभागी आणण्याची प्रथा तिनेच रूढ केली. रुग्णालय आणि न्यायालय ही दोन स्थळे आजच्या मालिकांतही सुटलेली नाहीत.

तिच्या नेमकी उलट पद्धत फ्रँक व ॲन हमर्ट या दांपत्याची होती. त्यांनी कथालेखनाचा कारखानाच काढला. कथेचा आराखडा हे दोघे ठरवीत; संवाद लिहिण्याचे काम पगारी लेखकांकडे असे. 'जस्ट प्लेन बिल', 'द रोमान्स ऑफ हेलन ट्रेंट', 'मा पर्किन्स', 'स्टेला डॅलस', 'अवर गॅल संडे' या सर्व त्यांच्याच मालिका. हेलन ट्रेंट ही पस्तिशी ओलांडलेली स्त्री. या वयातही तिच्या आयुष्यात पुन्हा प्रेम येईल काय, हा प्रश्न निवेदक रोज विचारी. १९३३ ते १९६० पर्यंत ७,२२२ भाग झाले, पण तिची पस्तिशी काही संपली नाही. मा पर्किन्स ही एका लहानशा गावात लाकडाची वखार चालविणारी विधवा. तिची भूमिका व्हर्जिनिया पेन या नटीने वयाच्या तेविसाव्या वर्षी स्वीकारली आणि शेवटच्या भागापर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे, दुसऱ्या कोणाकडे जाऊ दिली नाही. तरुण गळ्यातून निघणारा तो पोक्त आवाज ऐकून श्रोत्यांस ती कधी तरुण असेल असे वाटलेच नाही.

हे सारे प्रत्यक्ष वेळी, जिवंत सादर होई. ध्वनिमुद्रण करून नंतर ऐकविणे मोठ्या संस्थांस बरीच वर्षे मान्य नव्हते. एका खोलीत ध्वनिग्राहकाभोवती चार नट हातात कागद घेऊन उभे. कागदाची सळसळ ऐकू जाता कामा नये म्हणून वाचलेले पान अलगद खाली सोडावयाचे. एका बाजूला ऑर्गनवादक. प्रसंग बदलला, दुःख दाटले, रहस्य वाढले की त्याने सूर धरावा. दुसऱ्या बाजूला आवाजांचा कारागीर. त्याच्याजवळ उघडमीट करण्यास लहान दार, पावलांसाठी खडीने भरलेली पेटी, आगीच्या तडतडीसाठी चुरगळावयाचा पारदर्शक कागद, गडगडाटासाठी लोंबता पत्रा. एवढ्या सामग्रीवर घर, रुग्णालय, वादळ आणि स्मशान उभे राही. उरलेले काम श्रोत्याची कल्पनाशक्ती करी, आणि त्या कामाचे वेतन कोणासही द्यावे लागत नसे.

पंधरा मिनिटांतून जाहिरात, नांदी आणि मागील कथेचा सारांश वजा केला तर नाट्यास जेमतेम अकरा-बारा मिनिटे उरत. म्हणून कथा मुद्दाम मंद ठेवली जाई. एखादी गृहिणी दोन दिवस आजारी पडली तरी तिसऱ्या दिवशी तिला कथा सापडली पाहिजे. शुक्रवारी मात्र एखादा पेच असा टाकावयाचा की शनिवार-रविवार तो मनात घोळत राहावा आणि सोमवारी हात आपोआप बटणाकडे जावा. जिला आज आपण मालिकेतील 'उत्कंठेचा क्षण' म्हणतो, ती युक्ती या हिशेबातून रूढ झाली. तिच्यामागे कला होती, आणि सोमवारच्या साबणाचा खपही होता.

कान कोणाचे?

आता तिसरा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. ऐकणाऱ्या स्त्रिया कोण होत्या, आणि त्या भोळ्या होत्या काय?

१९४२ साली न्यूयॉर्कच्या एका मानसोपचारतज्ज्ञाने जाहीर केले की, या मालिका ऐकल्याने रक्तदाब व नाडी वाढते आणि चित्त अस्वस्थ होते. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की, हा प्रयोग डॉक्टरमहाशयांनी स्वतःवरच केला होता! ज्याला मालिका मुळातच आवडत नाहीत अशा एका पुरुषाची नाडी मोजून लक्षावधी स्त्रियांच्या प्रकृतीविषयी निष्कर्ष काढला गेला. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी हा प्रयोग वहीत लिहून ठेवावा. नमुना कसा घेऊ नये याचे याहून सुबोध उदाहरण मिळणार नाही.

याच सुमारास हेर्टा हर्झॉग या विदुषीने वेगळा मार्ग धरला. व्हिएन्ना येथे शिकून अमेरिकेत आलेल्या या संशोधिकेने सरळ श्रोत्या स्त्रियांनाच जाऊन विचारले : तुम्ही हे का ऐकता? आज हा प्रश्न साधा वाटतो. पण तोवर तो गांभीर्याने फारसा कोणी विचारला नव्हता. १९४१ व १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या लेखांत उत्तरे आहेत. काही स्त्रियांस मनसोक्त रडण्याची सोय हवी होती. घरात सर्वांसमोर रडणे परवडत नाही, दुसऱ्याच्या दुःखाच्या निमित्ताने आपले दुःख मोकळे करता येते. काहींस स्वतःच्या आयुष्यात न मिळालेले सुख कल्पनेत भोगावयाचे होते. आणि पुष्कळ स्त्रियांनी असे सांगितले की आम्हांस यातून सल्ला मिळतो : नवरा बेकार झाला तर त्याच्याशी कसे बोलावे, वयात आलेल्या मुलीला कसे सांभाळावे. इतकेच नव्हे, तर मालिका ऐकणाऱ्या आणि न ऐकणाऱ्या स्त्रियांची तुलना केली असता, ऐकणाऱ्या स्त्रिया समाजापासून तुटलेल्या असतात ही लोकप्रिय समजूतही टिकली नाही.

दुसरे महायुद्ध चालू असताना मा पर्किन्सचा मुलगा जॉन रणांगणावर पडल्याचे कथेत सांगितले गेले. देशभरातून शोकपत्रे आली. पत्रे लिहिणाऱ्यांना पात्र काल्पनिक आहे हे ठाऊक नव्हते, असे मानून हसणे सोपे आहे. पण त्या वर्षी ज्या घरांत सरकारची तार येऊन गेली होती किंवा येईल म्हणून दाराकडे डोळे लागले होते, अशी घरे हजारो होती. काल्पनिक आईला पत्र लिहिणारी आई कोणाला पत्र लिहीत होती, हे जाणण्यास फार विद्वत्ता लागत नाही.

परंतु सहानुभूती म्हणजे आंधळेपणा नव्हे. मालिकांत काय होते याप्रमाणेच काय नव्हते हेही पाहिले पाहिजे. रुडॉल्फ आर्नहाइम या अभ्यासकाने १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखात अनेक मालिकांची छाननी केली. त्याला आढळले की, कथेतील संकटे बहुधा एखाद्या दुष्ट किंवा दुबळ्या व्यक्तीमुळे उद्भवतात. समाजव्यवस्थेमुळे कोणी दुःखी आहे असे सहसा दिसत नाही. डॉक्टर, वकील, व्यापारी, गृहिणी यांची गर्दी; गिरणीतील मजूर जवळजवळ अदृश्य. महामंदीच्या देशात हे घडत होते! कृष्णवर्णीय माणूस दिसलाच तर बहुधा नोकर म्हणून. दिवसाच्या मालिकांच्या आधी, १९२८ पासून गाजलेल्या 'एमॉस अँड अँडी' या रात्रीच्या मालिकेत तर दोन गोरे नट कृष्णवर्णीयांच्या बोलीची नक्कल करून देशाला हसवीत होते. १९३१ साली 'पिट्सबर्ग कूरिअर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने त्याविरुद्ध सह्यांची मोहीम उघडली. साबण सर्वांना विकावयाचा असतो. म्हणून कोणीही ग्राहक बिथरेल असा विषय शक्य तो टाळावयाचा. पैसा कोणाचा या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे येऊन भिडते. जाहिरातदाराने लेखकाला अमुक लिहू नको असे प्रत्येक वेळी सांगावे लागत नाही. लेखक ते आपोआप शिकतो.

अपवाद होते. गर्ट्रूड बर्ग हिने १९२९ पासून 'द गोल्डबर्ग्स' मध्ये न्यूयॉर्कमधील एका गरीब ज्यू कुटुंबाचे जीवन त्यांच्याच बोलीच्या लकबींसह रंगविले. ती स्वतःच लेखिका आणि स्वतःच नायिका. सँड्रा मायकेल हिच्या 'अगेन्स्ट द स्टॉर्म' या मालिकेने फॅसिझमविरुद्ध भूमिका घेतली आणि पीबडी पुरस्कार मिळविला. त्याच चाकोरीत राहूनही काही निराळे करता येते, हे या लेखिकांनी दाखविले.

अस्त आणि विस्तार

दूरचित्रवाणी आली आणि जाहिरातदारांचा पैसा तिकडे वळला. नभोवाणी केंद्रांस संगीत व बातम्या अधिक किफायतशीर वाटू लागल्या. २५ नोव्हेंबर १९६० रोजी सीबीएसने आपल्या उरलेल्या चारही मालिका एकाच दिवशी बंद केल्या. त्यांत ७,०६५ भाग पूर्ण केलेली मा पर्किन्सही होती. शेवटच्या भागानंतर व्हर्जिनिया पेन हिने स्वतःच्या नावाने श्रोत्यांचा निरोप घेतला.

पण बीज वाऱ्यावर गेले होते. क्यूबामध्ये फेलिक्स काइग्नेत याची 'एल देरेचो दे नासेर' ही नभोवाणी मालिका १९४८ साली प्रचंड गाजली, आणि लॅटिन अमेरिकेतील दूरचित्रवाणी मालिकांचा पाया तिने घातला. इंग्लंडात १ जानेवारी १९५१ पासून बीबीसीवर 'द आर्चर्स' देशभर ऐकू येऊ लागली. युद्धोत्तर अन्नटंचाईच्या दिवसांत शेतकऱ्यांपर्यंत नवे ज्ञान कथेतून पोहोचवावे, हा तिचा मूळ हेतू होता. साबणवाला नाही, तरी मालिका चालली आणि आजही चालू आहे.

आपल्या देशात आकाशवाणी सरकारी असल्यामुळे साबणवाल्यांचा प्रवेश उशिरा झाला; विविध भारतीवर व्यापारी जाहिराती १९६७ पासून आल्या. तथापि कौटुंबिक श्रुतिकेची गोडी मराठी श्रोत्यांस आधीच लागली होती. मुंबई केंद्रावरील 'पुन्हा प्रपंच' मधील प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी यांची नावे जुन्या पिढीतील माणसांपुढे उच्चारून पाहावी, चेहरे उजळतात. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांनी ती पात्रे केवळ आवाजाच्या बळावर उभी केली होती. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली 'हम लोग' सुरू झाली. मालिकेतून समाजशिक्षण करण्याच्या मेक्सिकोतील प्रयोगांवरून तिची प्रेरणा घेतलेली होती. पुढे १९९६-९७ मध्ये आकाशवाणीवर 'तिनका तिनका सुख' ही मालिका झाली, आणि ती ऐकून उत्तर प्रदेशातील लुटसान गावच्या लोकांनी हुंडा देणार-घेणार नाही अशी सह्यांनिशी प्रतिज्ञा केली. ज्या साधनाने साबण विकला, त्याच साधनाने हे कार्यही केले.

आता विद्यार्थ्यांनी काय करावे

या इतिहासातील एक उणीव मनाला चटका लावते. मालिका जिवंत सादर होत आणि हवेत विरून जात. त्यामुळे हजारो भागांपैकी फारच थोडे आज ऐकावयास मिळतात. सुदैवाने वॉशिंग्टनच्या 'डब्ल्यूजेएसव्ही' केंद्राने २१ सप्टेंबर १९३९ या एका दिवसाचे सर्व कार्यक्रम मुद्रित करून ठेवले. युरोपात महायुद्ध पेटून तीन आठवडे झाले होते. त्या मुद्रणात अध्यक्ष रूझवेल्ट यांचे काँग्रेससमोरील भाषण आहे, आणि त्याच दिवशी हेलन ट्रेंटही आहे. इतिहासाच्या पुस्तकात पहिलीच गोष्ट येते. पण त्या दिवशीच्या गृहिणीने दोन्ही ऐकल्या होत्या, आणि तिचा दिवस दोन्ही मिळून झाला होता.

आपल्या घरांतही असे न लिहिलेले श्रवण पुष्कळ आहे. आजी, मावशी, आत्या यांना विचारावे : घरात रेडिओ केव्हा आला, तो कोठे ठेवला होता, कोणत्या वेळी कोण ऐकत असे, कोणते पात्र त्यांस आपल्या घरातले वाटे, आणि काय ऐकून कधी डोळ्यांत पाणी आले. त्या कोकणीत बोलोत, मराठीत बोलोत की कानडीत, उत्तर त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावे. शुद्ध करण्याच्या भानगडीत पडू नये. पाचपंचवीस विद्यार्थ्यांनी असे केले तर गावाच्या इतिहासाचे एक प्रकरण तयार होईल, जे कोणत्याही दप्तरखान्यात मिळणार नाही.

आणि घरी दूरचित्रवाणीवर मालिका लागली तर उठून जाण्यापूर्वी एक आठवडा कागद-पेन्सिल घेऊन बसावे. जाहिराती कशाकशाच्या आल्या? कथेतील माणसे पोटासाठी काय काम करतात, की करतच नाहीत? कोणत्या जातीची, धर्माची, धंद्याची माणसे त्या घराच्या उंबऱ्याच्या आत येतात, आणि कोण बाहेरच राहतात? एवढे टिपल्यावर मग शेजारी बसलेल्या आईला विचारावे, 'तुला यांतले काय आवडते?' तिचे उत्तर आमच्या या लेखाहून अधिक मोलाचे असण्याचा संभव आहे. ते ऐकून घेतल्यावाचून मालिकेविषयी मत देऊ नये. आणि ऐकून घेतल्यावर जे मत बनेल, ते मग खुशाल निर्भयपणे द्यावे.